गृहभेटीतच बालसुरक्षेची पाहणी : माझा अनुभव

मी मराठवाड्यातील एका गावात आशा स्वयंसेविका म्हणून काम करते. बाळ 3, 6, 9, 12 आणि 15 महिन्यांचे झाले की आम्ही घरी जाऊन वजन, लसीकरण आणि वरचा आहार यांची नोंद घेतो. शेजारच्या वस्तीवर एक लहान मूल पाण्याच्या हौदात बुडून दगावले, तेव्हा अंगणवाडीताईंनी आणि मी ठरवले की याच भेटींत घरातले धोकेही पाहायचे. वेगळी मोहीम काढली असती, तर तिला ना माणसे मिळाली असती ना वेळ.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून दारोदारी टिपाडे भरलेली असतात. टिपाडाला लागूनच धुण्याचा दगड असतो आणि त्यावर चढले की दीड वर्षाच्या मुलाचा हात सहज काठाला पोहोचतो. या वयात शरीराच्या मानाने डोके जड असल्यामुळे वाकलेले मूल तोल जाऊन डोक्यावरच पडते आणि ओरडायच्या आत नाकातोंडात पाणी जाते, त्यामुळे घरात माणसे असूनही कोणाला चाहूल लागत नाही. दगड दूर सरकवणे आणि झाकण दोरीने बांधणे, एवढाच त्यावरचा उपाय. तरीही तो गळी उतरवायला वेळ लागला.

‘आमी काय लेकराकडं बघत न्हाई का, ताई?’ असे एका आईने दुखावून विचारले. तिचे बरोबरच होते, कारण शेतावर जाण्याच्या घाईत भाकरी तव्यावर असताना एकटी बाई मुलावर किती लक्ष ठेवणार? म्हणून आम्ही उपदेश करण्याऐवजी त्याच घाईच्या वेळी जाऊ लागलो आणि आईबरोबर, शक्यतो सासूबाईंनाही घेऊन, जमिनीवर बसून मुलाच्या उंचीवरून घर पाहू लागलो. तिथून चुलीवरून उतरवून खाली ठेवलेले वरणाचे पातेले दिसते, तसेच खाटेखाली थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेले फवारणीचे औषधही दिसते. औषध मूळ डब्यात, उंचावर आणि कुलपात ठेवायचे; तरीही ते पोटात गेलेच, तर उलटी करायला न लावता 108 ला फोन करायचा आणि डबा सोबत न्यायचा, हे आम्ही प्रत्येक घरी सांगतो. भाजल्यावर हळद किंवा टूथपेस्ट न लावता 20 मिनिटे साधे वाहते पाणी सोडायचे, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

कठडा नसलेल्या पडीक विहिरीचा प्रश्न आम्ही ग्रामसभेत मांडला. मालकाने दगड दिला, मजुरी ग्रामपंचायतीने सोसली आणि कठडा उभा राहिला. दुसऱ्या विहिरीच्या मालकीचा वाद मिटलेला नाही, त्यामुळे तिथे सध्या बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले आहे.

मला सर्वांत मोठी उणीव वाटते ती वेगळीच. अंगणवाडीत दिवसा 3 ते 6 वर्षांची मुले बसतात. त्याहून लहानांना फक्त घरी नेण्याचा आहार मिळतो, आणि पाण्याचा धोका तर चालू लागलेल्या याच मुलांना अधिक असतो. बांगलादेशात 1 ते 5 वर्षांच्या मुलांना सकाळी 9 ते दुपारी 1 पर्यंत गावातच सांभाळणारी ‘आंचल’ केंद्रे चालवली गेली आणि तिथे बुडून होणारे मृत्यू घटले. पेरणी आणि काढणीच्या हंगामात तरी असे केंद्र चालवण्यासाठी समाजमंदिराची एक खोली आणि दोन बायकांचे मानधन मिळावे, असा अर्ज आम्ही ग्रामपंचायतीकडे दिला आहे. तो पुढच्या ग्रामसभेत चर्चेला येईल.