मामांचे रेडिओ स्टेशन आणि एक बंद ई-मेल

रेडिओ स्टेशनचा मालक गेल्यावर सरकारी परवाना वारसाच्या हाती येणे हीच मोठी डोकेदुखी असेल, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात सरकारी भाग सुरळीत पार पडला आणि आमचा जीव काढला तो मामांच्या ई-मेलची व्यवस्था पाहणाऱ्या एका खासगी कंपनीने.

मामांचे अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका लहान गावात एएम स्टेशन होते. शेतमालाचे भाव, हवामान, शाळेचे सामने आणि रविवारी सकाळी तासभर मराठी गाणी, एवढाच त्याचा पसारा. परवाना त्यांच्या स्वतःच्या नावावर होता. अशा वेळी मृत्यूची लेखी सूचना फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनला (एफसीसी, म्हणजे रेडिओ परवाने देणारी तिथली सरकारी संस्था) तातडीने द्यावी लागते आणि ३० दिवसांच्या आत फॉर्म ३१६ भरून परवाना मृताच्या कायदेशीर प्रतिनिधीकडे सोपवण्यास संमती मागावी लागते. मृत्युपत्रात मामींचे नाव एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, म्हणून होते आणि त्याला मान्यता देणारे न्यायालयाचे पत्रही लवकर मिळाले. परकीय नागरिकाला असा परवाना स्वतःच्या नावावर घेता येत नाही. मामींनी अमेरिकन नागरिकत्व घेतलेले होते हे आमचे नशीब, कारण माझ्या भारतीय पासपोर्टचा तिथे काही उपयोग नव्हता.

अडले ते पुढे. वार्षिक नियामक शुल्क थकलेले असेल तर थकबाकीदाराच्या नोंदणी क्रमांकावर ‘रेड लाइट’ लागतो आणि त्याच्या अर्जावर निर्णय होत नाही. मामांच्या क्रमांकावर काही बाकी आहे का, हे पाहायचे तर त्यांच्या एफसीसीच्या खात्यात शिरायला हवे. पासवर्ड बदलायचा तर त्याची लिंक जाणार स्टेशनच्या ई-मेलवर, आणि त्या ई-मेलचा पासवर्ड फक्त मामांना ठाऊक. ई-मेलच्या कंपनीला फोन केला तर उत्तर ठरलेले, की खातेदाराने स्वतः फोन करावा. मृत्यूचा दाखला पाठवला, तेव्हा न्यायालयाचे पत्र मागितले. पत्र स्कॅन करून पाठवले, तेव्हा उठावदार शिक्क्याची मूळ प्रत टपालाने हवी म्हणाले. ती पोहोचल्यावर दुसऱ्याच विभागाने पुन्हा दाखला मागितला. मामी एरवी अतिशय शांत स्वभावाच्या, पण एकदा त्यांनी फोनवरच्या मुलाला सरळ विचारले, “ते फोन करू शकले असते, तर मी तुम्हाला कशाला केला असता?” पलीकडून पुन्हा तेच वाक्य वाचून दाखवण्यात आले. शेवटी काय चालले, तर ई-मेलचे दरवर्षीचे बिल मामींच्या क्रेडिट कार्डावरून जात होते, आणि त्या कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगताच खाते उघडले. न्यायालयाच्या शिक्क्यापेक्षा त्या चार आकड्यांचे वजन अधिक, हे मला अजूनही पचलेले नाही. तेव्हा बिल कोणत्या कार्डावरून जाते, हे आधी शोधा. मालक हयात असतानाच एफसीसीच्या खात्याला दुसऱ्या विश्वासू व्यक्तीचे नाव जोडून ठेवणे तर त्याहून चांगले. मामांची थकबाकी निघाली आणि दंडासह भरावी लागली. उशीर झाला की २५ टक्के दंड बसतो.

या काळात आम्ही प्रक्षेपण बंद होऊ दिले नाही. संगणक आपोआप कार्यक्रम लावत होता आणि दर तासाला स्टेशनची ओळख मामांच्याच आवाजात जात होती. ती बदलावी असे कुठल्याही नियमात नाही. प्रक्षेपण थांबवावेच लागले, तर १० दिवसांत कळवावे लागते, ३० दिवसांपुढे विशेष परवानगी घ्यावी लागते, आणि सलग १२ महिने स्टेशन मुके राहिले तर परवाना आपोआप संपतो. घरात दुःख असताना ट्रान्समीटर बंद करून ठेवणे स्वाभाविक वाटते, पण ते टाळावे.

पुढे मामींनी स्टेशन विकले. त्यासाठी वेगळा आणि मोठा फॉर्म ३१४ असतो, तो वकिलांनी भरला. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो: एएम टॉवरभोवती जमिनीखाली तांब्याच्या तारा दूरवर पुरलेल्या असतात, त्यामुळे जागा बरीच लागते आणि पुष्कळदा ग्राहकाचा डोळा परवान्यापेक्षा जमिनीवर असतो. दोन्हींची किंमत वेगवेगळी काढून घ्यावी. आणि टॉवर २०० फुटांहून उंच असेल तर त्याची नोंदणी स्वतंत्र असते. परवाना हस्तांतरित झाला म्हणून तिथले मालकाचे नाव बदलत नाही, ते वेगळे कळवावे लागते.