एका वाडग्यासोबत सोलपर्यंत: कुरियर ट्रिपचा वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी थोडं काही

मी युरोपातल्या एका छोट्या म्युझियममध्ये काम करते, कोरिया आणि जपानचा विभाग माझ्याकडे आहे, म्हणजे सांभाळणारी मी एकटीच. आमच्याकडचा सेलाडॉनचा, म्हणजे हिरवट झिलईच्या भाजलेल्या मातीचा एक वाडगा, १२व्या शतकातला, कोरियातल्या गोर्यो राजघराण्याच्या काळातला, निळसर हिरवा, आत क्रौंच आणि ढग, हा सोलमधल्या एका प्रदर्शनासाठी तीन महिन्यांच्या लोनवर जाणार होता आणि सोबत कुरियर म्हणून मला पाठवलं. म्युझियमच्या भाषेत कुरियर म्हणजे वस्तूसोबत या दारापासून त्या दारापर्यंत जाणारा माणूस. आईला फोनवर सांगितलं तर ती पटकन म्हणाली, म्हणजे त्याला माहेरपणाला सोडायला चाललीस. हे काही डोक्यातून गेलं नाही मग.

प्रवासाचा सगळ्यात थकवणारा भाग विमान नाही, त्याआधीचं कार्गो शेड. रात्री दोनला थंडीत उभं राहून आपला क्रेट, म्हणजे वाडग्याची पेटी, पॅलेटवर कसा बांधतायत ते बघायचं, बाण वरच्या दिशेला आहेत ना, प्लास्टिक नीट लागलंय ना, शेजारी मासे किंवा ओला माल नाही ना. आमचा क्रेट जागेत बसेना म्हणून तिथल्या माणसांनी तो आडवा करायला घेतला, मी नाही म्हटलं, एजंटला फोन केला, चाळीस मिनिटं गेली पण क्रेट उभाच गेला. जाणाऱ्यांनो, अशा वेळी भिडस्तपणा अजिबात नको, तुम्हाला त्याचसाठी पाठवलेलं असतं. सेफ्टी शूज, जाड जॅकेट, पॉवर बँक आणि एजंटचा रात्री लागणारा नंबर जवळ हवाच. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसासाठी तिथल्या म्युझियमचं निमंत्रणपत्र फार आधी मागून ठेवा.

इंचॉनला उतरल्यावर ट्रकने थेट म्युझियम, आणि मग क्रेट २४ तास तसाच बंद. खरं तर भाजलेल्या मातीला हवाबदलाने फार काही होत नाही, पण आमच्या वाडग्याच्या काठाला लाख आणि सोन्याची जुनी दुरुस्ती आहे, पूर्वी जपानमार्गे आलेल्या बऱ्याच भांड्यांना असते तशी, आणि त्या लाखेला थंडीतून एकदम गरम खोलीत आणलेलं चालत नाही. त्यामुळे समोरचे कितीही घाईत असले तरी क्रेट उघडू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी कंडिशन चेक, म्हणजे प्रवासात वस्तूला काही झालं नाही ना ते रिपोर्टशी ताडून बघायचं. कोरियात क्युरेटरला हाग्येसा म्हणतात, त्याचं सरकारी सर्टिफिकेट असतं, आणि हाक मारताना पुढे निम लावायचं, कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं-घ्यायचं. वाडगा तपासणाऱ्या तिथल्या हाग्येसा बाई माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या असतील. अंगठी आणि घड्याळ काढलं, हात धुतले, आणि मोकळ्या हातांनीच वाडगा उचलला, अशा भांड्यांना सुती ग्लोव्हज घालत नाहीत कारण ते घसरतात. टॉर्च तिरपा धरून सगळी ग्लेझ (वरची झिलई) बघितली, मग वाडगा उलटा केला आणि बुडाशी बोट नेऊन मोजलं, एक, दोन, तीन. तिळाएवढे तीन पांढरे डाग. आमच्या रिपोर्टमध्ये ते कित्येक वर्षं 'टवके' म्हणून लिहिलेले होते आणि मीही तेच पुढे कॉपी करत आले होते! ते टवके नाहीतच, भट्टीत भांडं खाली चिकटू नये म्हणून गारेच्या बारीक खड्यांवर ठेवायचे त्याच्या खुणा आहेत, चांगल्या सेलाडॉनची ओळखच ती. मी तिथेच पेन्सिलने रिपोर्ट दुरुस्त केला (वस्तूजवळ पेन नेऊच नका) आणि रात्री ऑफिसला मेल टाकला.

मग त्यांनी शांतपणे विचारलं, हा तुमच्याकडे आला कसा? आमच्या फाइलमधला पहिला कागद एका व्यापाऱ्याची पावती, त्याच्या आधी काही नाही. १९व्या शतकाच्या शेवटी आणि २०व्याच्या सुरुवातीला केसाँगच्या, म्हणजे गोर्योंच्या जुन्या राजधानीच्या आसपासच्या कबरी फोडून अशी भांडी बाजारात आली, हे दोघींनाही माहीत होतं. मी फाइलची कॉपी नेली होती ती पूर्ण दाखवली, कोरी जागा पण. तुम्हीही न्या, हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा.

मधल्या दीड दिवसात नॅशनल म्युझियम ऑफ कोरियाला दोनदा गेले. इचोन स्टेशन, मेट्रो लाइन ४, एक्झिट २ च्या बाजूने भुयारी रस्ता थेट आवारात जातो, कायमच्या दालनांना तिकीट नाही, बुधवारी आणि शनिवारी रात्री ९ पर्यंत उघडं असतं आणि तेव्हाच जा, दिवसा फार गर्दी. आधी तिसरा मजला, सेलाडॉन. तिथली जाळीदार झाकणाची धूपदाणी तीन छोट्या सशांच्या पाठीवर उभी आहे, खाली वाकून त्यांचे डोळे बघा, लोहाचे दोन काळे ठिपके. दुसऱ्या मजल्यावर ध्यानस्थ बोधिसत्त्वांची खोली, दोनच मूर्ती, काच नाही, अंधार, मी तिथे पाऊण तास बसले होते आणि अजिंठ्यातला पद्मपाणी सारखा आठवत होता.

पण माझ्यासाठी सगळ्यात जड गेलं ते उइग्वे दालन. राजघराण्यातल्या लग्नांची, अंत्ययात्रांची चित्रांसकट नोंद असलेली ही पुस्तकं, १८६६ मध्ये फ्रेंच नौदलाने गांघ्वा बेटावरून उचलून नेली. पार्क ब्यांग-सन या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काम करायच्या, त्यांनी ती तिथे शोधून काढली, आणि २०११ पर्यंत २९७ खंड परत आले, पण दर पाच वर्षांनी वाढवायच्या लोनवर, कागदोपत्री मालकी फ्रान्सचीच. घरी आली तीही पाहुणी म्हणून. मी तिथे उभी राहून आमच्या वाडग्याचा विचार करत होते, परतीची तारीख तर मीच सही करून दिलेली.

खाण्याचं सांगते, शाकाहारी असाल तर 'गोगी प्पेजुसेयो' म्हणजे मांस काढून द्या, तरी रश्शात सुकी मासळी असतेच बऱ्याचदा, बिबिमबाप (भातावर भाज्या) त्यातल्या त्यात सोपं. बस-मेट्रोचं टी-मनी कार्ड कुठल्याही छोट्या दुकानात मिळतं, रिचार्जला कॅश ठेवा. पायी फिरायला नेव्हर मॅप (Naver Map) हे ॲप.

शेवटच्या दिवशी वाडग्याची काचेची शोकेस बंद झाली, कुलूप लागलं, सह्या झाल्या, नियमाने माझं काम संपलं. फ्लाइट रात्रीची होती आणि प्रदर्शन दुपारी उघडलं म्हणून मी साध्या लोकांबरोबर रांगेत उभी राहून आत गेले. हाग्येसा-निमनी रातोरात वाडग्याखाली छोटा आरसा बसवून घेतला होता. एक आजी नातवाला कडेवर घेऊन वाकल्या होत्या, आणि तो आरशात बोट दाखवून मोजत होता, हाना, तूल, सेत.