अष्टमीला रस्ता, पौर्णिमेला वाळू

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या मेडिकलच्या दुकानात नी-कॅप, क्रेप बँडेज आणि दुखण्यावरचे स्प्रे यांना मोठी मागणी असते. एक तारखेला लोक पळायला सुटतात, चार तारखेला लंगडत येतात आणि संक्रांतीपर्यंत सगळं थंड होतं. दुसरी लाट रिपोर्टवाल्यांची. कुठल्यातरी शिबिरात साखर तपासली आणि आकडा वर आला, की माणूस संध्याकाळी येऊन आधी ग्लुकोमीटरची किंमत विचारतो, मग बूट कुठे चांगले मिळतात ते. हा जानेवारीवाल्यापेक्षा जास्त टिकतो, कारण तो घाबरलेला असतो. पण भीतीलाही एक्स्पायरी डेट असते. तीन महिन्यांनी रिपोर्ट जरा बरा आला की बूट माळ्यावर.

काउंटरच्या आतला माणूस काही वेगळा नाही. माझं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, ६.२ आलं होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. गोळ्यांची नावं, डोस, सगळं पाठ. रोज त्याच विकतो. सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत उभा असतो म्हणून आपला व्यायाम होतोच, अशी आमच्या धंद्यातल्या लोकांची एक गोड समजूत असते. उभं राहून पाय सुजतात, पोटऱ्यांवर शिरा फुगतात, व्यायाम होत नाही.

आणि मला व्यायाम आवडत नाही, हे आताच सांगून टाकतो. एकदा सवय लागली की मजा यायला लागते म्हणतात. येत असेल त्यांना. मला अजूनही साडेसहाला उठून बाहेर पडताना कुणीतरी जप्तीची नोटीस बजावल्यासारखं वाटतं. त्यामुळे उत्साह कसा टिकवायचा, या प्रश्नात मी पडत नाही. माझ्यापाशी तो मुळात फार नव्हताच. उत्साह नसलेल्या दिवशी पाय कसे बाहेर पडतील, एवढंच मी बघतो.

मी रत्नागिरीत भाट्याच्या बाजूला राहतो. समोर दीडेक किलोमीटरची सरळ किनारपट्टी, मागे सुरूचं बन, एका टोकाला काजळी नदीचं मुख आणि दुसऱ्या टोकाला झरी विनायकाचं देऊळ. पाहुणे म्हणतात, तुम्हाला काय, दारात समुद्र, रोज वॉक. पण समुद्र तुमच्या घड्याळाने चालत नाही. भरती रोज पुढे सरकते, साधारण पन्नास मिनिटांनी. आज साडेसहाला वाळू ऐसपैस असते आणि आठवड्याभराने त्याच वेळी पाणी वर आलेलं असतं. तेव्हा उरते ती फक्त वरची कोरडी, भुसभुशीत वाळू. तिच्यावर चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते. म्हणजे मेहनत चांगली होते म्हणा, पण पाऊल वाकडंतिकडं रुततं, घोटे आणि पोटऱ्या बोलायला लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत तेवढं कारण घरी बसायला पुरतं. मग माणूस चार दिवस जात नाही, आणि पाचव्या दिवशी आपण चालायचो हेच विसरतो.

यावर जुनं गणित आहे, किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत माहीत असतं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. भरतीनंतर सवासहा तासांनी ओहोटी. तंतोतंत येत नाही, पण चपला घालून निघायचं की नाही ते ठरवायला भरपूर झालं. मी कालनिर्णयकडे बघून रात्रीच ठरवतो. त्रयोदशी-चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंत वाळू, कारण उधाणाच्या दिवसांत सकाळी पाणी लांब गेलेलं असतं. षष्ठीपासून एकादशीपर्यंत भाट्याचा पूल ओलांडून राजिवड्याकडे आणि परत. मधले एक-दोन दिवस मनाला येईल तसं. वेळ मात्र साडेसहाच. वेळ हलवली की संपलं, हे मला कळून चुकलंय. जागा हलवली तर काही बिघडत नाही.

ओहोटीच्या ओल्या वाळूवर चालायचंही एक तंत्र आहे. पाण्याच्या कडेपासून थोडं वर एक गडद पट्टा असतो. तिथे टाचेचा ठसा उमटतो पण टाच आत जात नाही. तोच चालायचा रस्ता. बारीक खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडलेली असते, ती तुडवत जायचं जिवावर येतं, म्हणून मी जरा नागमोडी चालतो. किनारा समुद्राकडे उतरता असल्यामुळे जाताना एक पाय खाली पडतो, येताना दुसरा. त्यामुळे गेलो त्याच पट्ट्यावरून परत यायचं, नाहीतर कंबर एका बाजूने धरते. आणि धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, साखरेचा जुना आजार असेल तर अनवाणी चालू नका. पायाची संवेदना कमी झालेली असते, शिंपला किंवा काच लागली तरी कळत नाही आणि जखम चिघळली की मग माझ्याकडे नाही, सर्जनकडे जावं लागतं. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी चालू असेल तर खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. चालता चालता थरथर सुटली, दरदरून घाम आला तर आधी ती तोंडात टाका. आणि छातीत आवळल्यासारखं झालं तर थांबा, घाम पुसत पुढे जाऊ नका.

रोज भेटतात ते चाचा. राजिवड्याचे, आयुष्य मच्छीमार बोटीवर गेलं, आता मुलगा बोट बघतो. फजरची नमाज झाली की ते पुलाच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. मी तिथी मोजतो, ते चाँद मोजतात, आणि आमच्या हिशेबात एखाद्या दिवसाचा फरक पडतो तेव्हा पाणी त्यांच्या बाजूने निकाल देतं. मला ते डाक्टर म्हणतात. मी डाक्टर नाही हे सांगून थकलो. मी नाही गेलो तर चाचा फोन करत नाहीत, पाच मिनिटं थांबतात आणि चालू पडतात. संध्याकाळी बीपीच्या गोळीच्या निमित्ताने दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर विचारतात, "काय डाक्टर, सकाळी पाय मोडला होता काय?" या एका वाक्याला घाबरून मी जितक्या वेळा उठलोय, तितक्या वेळा साखरेला घाबरून उठलो नसेन.

चाचांची गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. ते 'व्यायामाला' उठतच नाहीत. उठतात नमाजला, उठलेलेच असतात म्हणून चालतात. सवयींवर एक अभ्यास झाला होता लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१० मध्ये छापून आला. ९६ जणांना एकेक नवी गोष्ट रोजच्या ठरलेल्या कामाला जोडून करायला सांगितली, नाश्त्यानंतर अमुक, असं काहीतरी. ती विचार न करता व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाला १८, तर कुणाचा अंदाज थेट २५४ दिवसांवर गेला. व्यायामासारख्या सवयीला पाणी पिण्यासारख्या साध्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागला. मधे एखादा दिवस बुडाला तर त्याने फारसा फरक पडला नाही, हे मला सगळ्यात आवडलं. मग २१ दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडे ऐकू येतं, त्याचं काय? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. त्यातलं 'किमान' गळलं आणि चेहराही गळला. बाविसाव्या दिवशी उठवत नाही म्हणून स्वतःला आळशी ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता पाऊस. सकाळी नियमित चालायला जा, हा सल्ला लिहिणाऱ्याने आषाढातली रत्नागिरी पाहिलेली नसते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, चाचांचा मुलगासुद्धा घरात. समुद्र सुरूच्या बनापर्यंत येतो. छत्री उलटी होते, रेनकोटात आतून घामाने आणि बाहेरून पावसाने भिजायला होतं. अशा वेळी मोडलेला नेम दसऱ्यापर्यंत परत बसत नाही. म्हणून मृगाच्या आधीच पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक ठरवून ठेवलेलं बरं. आमच्याकडे पडवी आहे. साडेसहाला पडवीत यायचं, हे ठरलेलं. रेडिओ लावायचा आणि बातम्या संपेपर्यंत येरझाऱ्या. मग भिंतीला हात टेकून जोर, त्यानंतर बैठका. उघडीप असली तरच रस्ता.

वाडीची पाखाडी मात्र पावसात वर्ज्य. एरवी मला तिच्यासारखं दुसरं साधन माहीत नाही: चिऱ्याच्या पायऱ्या, फुकट, चढताना पाच मिनिटांत दम काढते. पण आषाढात चिऱ्यावर शेवाळ धरतं आणि एक पाय घसरला की माकडहाड किंवा मनगट. दिवाळीनंतर पुन्हा सुरू. गुडघे दुखत असतील तर चढ चालतो, उतारच त्रास देतो. तेव्हा पाखाडीने वर आणि रिक्षाने खाली, असं करणारे एक गुरुजी आमच्या वाडीत आहेत. लोक हसतात, मी हसत नाही.

पडवीतला खरा खेळाडू म्हणजे आई. वय शहात्तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. आणि पासष्टीच्या पुढच्यांना तीन दिवस तोल सांभाळण्याचेही व्यायाम, पडू नयेत म्हणून. आईला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आम्ही रहाटावरनं पाणी काढलं, तेव्हा कुणी मिनिटं मोजली नाहीत." पण मग भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसली, हात छातीशी धरले आणि हातांचा आधार न घेता उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं, यावर म्हाताऱ्या माणसांच्या पायांची ताकद मोजतात. आता ती ते रोज करते, रामनाम घेत, आणि आकडा सांगताना थोडी लबाडी करते असा माझा संशय आहे.

पावसातून वाचलं तर सण आहेत. गणपतीत चाकरमानी येतात, रात्री आरत्या, भजनं, सकाळी मोदक. शिमग्यात पालखी. मे महिन्यात घरभर पाहुणे आणि आंबे. हे दिवस बुडणारच, त्यावर जीव जाळण्यात अर्थ नाही. बाकी, जाखडी नाचणाऱ्या पोरांना पाहून मला नेहमी वाटतं, जिमची फी भरणाऱ्यांनी एक रात्र या फेरात उभं राहून दाखवावं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी पूर्ण फेरी मारत नाही. पुलापर्यंत जातो, चाचांना तोंड दाखवतो, परत येतो. आठवड्याच्या सुट्टीची भरपाई एका सकाळी करायला गेलेली माणसंच माझी स्प्रेची गिऱ्हाइकं.

गेल्या गणपतीत मुंबईचा भाचा हातात घड्याळ घालून आला होता. दहा हजार पावलं झाली नाहीत म्हणून रात्री अकराला अंगणात फेऱ्या मारत होता, आत जेवणं वाढलेली. त्याला सांगितलं, हा आकडा जपानमध्ये १९६५ च्या सुमारास पावलं मोजायचं यंत्र विकणाऱ्या कंपनीने रूढ केला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून जास्त वयस्क बायकांवरचा अभ्यास आला, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसेना. भाचा म्हणाला, मामा, मी बहात्तरचा नाही. बरोबर आहे त्याचं. आई मात्र लक्ष देऊन ऐकत होती.

सध्या मला एकच चिंता आहे. दिवाळीनंतर चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. काही आठवडे वाळूत, धुळीत जायचं नाही म्हणतील. पुलाच्या तोंडाशी कुणी उभं नसेल तर मी जाईन का, मला खरंच सांगता येत नाही. आईला म्हटलं, तेवढे दिवस तू साडेसहाला हाक मार. म्हणाली, मारते, पण मग तूही माझ्यासोबत खुर्चीवर उठ-बस करायची, आणि आकडा मी मोजणार.