बॅच १४: लेबलावरून ‘कूल वॉटर’ काढलं

काल साच्यातून साबणाच्या दहा वड्या निघाल्या. ७०० ग्रॅम तेलं, त्यात २१ ग्रॅम सुगंधतेल, म्हणजे ३ टक्के. रंग अजून पांढराशुभ्र आहे. आधीची ‘ब्लॅक ओपियम टाइप’ची, म्हणजे त्या नावाच्या अत्तरासारख्या वासाच्या तेलाची बॅच आठवड्यात चॉकलेटी झाली होती, तो व्हॅनिलिनचा, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणाऱ्या रसायनाचा परिणाम. आता या वड्या सहा आठवडे वाळतील.

या वेळी खरा वेळ गेला तो लेबलात. माझ्या बाटलीवर ‘कूल वॉटर टाइप’ असं लिहिलेलं आहे. डेव्हिडॉफचं १९८८ मधलं ते अत्तर. या तेलात त्याचा थेंबही नाही, फक्त तसा वास जुळवलेला आहे. साबण मी घरापुरताच करते, मेणबत्त्या मात्र विकते. दोन्हींवर मी बाटलीवरचंच नाव उतरवत आले होते. दिवाळीआधी सोसायटीच्या प्रदर्शनात एका काकूंनी मेणबत्ती उचलून हुंगली. “अगं, ही त्याच कंपनीची का? माझ्या मुलाकडे ही बाटली आहे.” मी नाही म्हटलं. त्यांनी ती अलगद खाली ठेवली. “मग त्यांचं नाव का घातलंस?” मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर बरंच वाचलं. वासाचा मालक कोण, यावर कोर्टांचंही एकमत नव्हतं. २००६ साली फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने अत्तराच्या वासाला कॉपीराइट नाकारला आणि त्याच वर्षी नेदरलँड्सच्या न्यायालयाने लँकोमच्या ‘त्रेझोर’ला तो दिला. नावाचं प्रकरण वेगळं. अमेरिकेत १९६८ साली ‘आमचं अत्तर शनेल नं. ५ सारखंच आहे’ अशी जाहिरात करायला कोर्टाने हरकत घेतली नाही, मात्र दावा खरा हवा आणि गिऱ्हाइकाची गल्लत होता कामा नये. युरोपात २००९ च्या लॉरेआल विरुद्ध बेल्युर निकालात ‘हे त्या अत्तरासारखं’ असा तुलनेचा तक्ता देणंही दुसऱ्याच्या नावलौकिकाचा गैरफायदा ठरलं. आपल्याकडे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम २९ आहे. नोंदणीकृत नावाचा असा गैरफायदा घेणारी जाहिरातही त्यात येते. बारीक अक्षरात ‘टाइप’ किंवा ‘इन्स्पायर्ड’ लिहिलं की सुटलो, असं मला आता वाटत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी काकूंची गल्लत माझ्याच लेबलामुळे झाली होती.

म्हणून नाव नाकानेच शोधायचं ठरवलं. कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकला. आधी पुदिन्यासारखा थंड झटका आणि लॅव्हेंडर. अर्ध्या तासाने खारट, ओलसर. सकाळी पट्टीवर चंदन आणि पुसट तंबाखू उरला होता. आई रत्नागिरीची. तिला काही न सांगता पट्टी दिली, तर म्हणाली, “पहाटे पुळणीवर गेलं की असं वाटतं.” पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. नाव मिळालं: ओली पुळण.

खाली ‘लॅव्हेंडर, पुदिना, समुद्र’ एवढंच लिहिलं असतं तर यात खरा पुदिना आहे असं कुणालाही वाटलं असतं. म्हणून लिहिलं: ‘लॅव्हेंडर, पुदिना आणि समुद्राची आठवण देणारा कृत्रिम सुगंध’. ‘कृत्रिम’ छापताना हात जरा अडखळला, पण ते खरं आहे. वड्यांच्या कागदावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिले, आणि नुसतं ‘सुगंध’ न लिहिता लिनालूल, लिमोनिन, कुमारिन ही त्यातली अ‍ॅलर्जी आणू शकणारी रसायनंही. आमच्या घरात एकीला अत्तराने पुरळ उठतं. ही नावं मिळवायला पुरवठादाराकडे अ‍ॅलर्जन-पत्रक, म्हणजे अशा घटकांची यादी, तीनदा मागावी लागली. आली तेव्हा कळलं की माझ्या दुसऱ्या, जुन्या बाटलीत लिलिआल हे सुगंधी रसायन आहे. युरोपात सौंदर्यप्रसाधनांत ते मार्च २०२२ पासून बंद आहे. ती बाटली बाजूला काढली.

साबण विकायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा, तो माझ्याकडे नाही, म्हणून वड्या घरातच राहतील. मेणबत्त्यांवर निव्वळ वजन, महिना-वर्ष, करांसह किंमत, नाव-पत्ता आणि फोन छापला. पहिले स्टिकर तेलकट बोटांनी पसरले. आता आधी डबी पुसून कोरडी करते, मगच चिकटवते.

अठरा डब्यांची लेबलं बदलून झाली. चॉकलेटी बॅच अजून बिननावाची आहे. तिची पट्टी तीन दिवस फडताळात ठेवलीय. कॉफी येते, व्हॅनिला येतो, आणि मागे एक पांढरं फूल आहे, ते अजून ओळखता आलेलं नाही.