शब्दवही, चौथा महिना: फाउलपाशी अडकलो

ठरवलं होतं की या महिन्यात जुन्या इंग्रजीतली पाच पक्षिनामं उरकायची. झालं एकच, आणि तेही एका पक्ष्याचं नाही, अख्ख्या पक्षिजातीचं. फाउल.

माझी आजवरची समजूत सरळ होती: बर्ड म्हणजे पक्षी, फाउल म्हणजे कोंबडी. हजार वर्षांपूर्वी मात्र कुठलंही पाखरू ‘फुगोल’ आणि ‘ब्रिड’ म्हणजे नुसतं पिल्लू. फुगोलमधला ग घशात घासून म्हणायचा. तो पुढे विरघळत गेला नि फाउल उरलं. जर्मन ‘फोगल’मध्ये तो अजून शाबूत आहे. ब्रिडचं बर्ड झालं तो वर्णविपर्यय, म्हणजे अक्षरांची अदलाबदल, आपल्याकडे लखनौचं नखलौ होतं तसा. गंमत म्हणजे पिल्लाने आईबापांची जागा बळकावली, पण या पिल्लाचं मूळ कुठलं ते कोशांनाही सापडलेलं नाही. जर्मन, डच भाषांत त्याला भावंडच नाही.

खात्री करायला इंग्रजी कवी चॉसरची ‘पार्लमेंट ऑफ फाउल्स’ घेतली. 14व्या शतकातली कविता, त्यामुळे शेजारी आजच्या इंग्रजीतला पाठ ठेवूनच वाचली. व्हॅलेंटाइनच्या दिवशी जोडीदार निवडायला पक्ष्यांची सभा भरते. शिकारी पक्षी सर्वांत वर, पाणपक्षी पार खाली. त्यात गरुडसुद्धा फाउलच! 1611च्या किंग जेम्स बायबलातही आकाशातली पाखरं ‘फाउल्स’ आहेत. आता हा शब्द कोंबड्या-बदकांपुरता उरला. फाउलर हे आडनाव तेवढं जुना अर्थ धरून आहे: पक्षी पकडणारा, म्हणजे पारधी.

अर्थसंकोच, म्हणजे शब्दाचा अर्थ असा आक्रसणं, म्हटलं की मला मृग आठवतो. संस्कृतात मृग म्हणजे कुठलाही पशू. म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग. आणि इंग्रजी डिअर? तोही ‘देओर’, म्हणजे कुठलंही जनावर. दोन्ही भाषा फिरून फिरून हरणावरच येऊन थांबल्या. हे जुळलं त्या रात्री झोप लागली नाही.

एक चूक दुरुस्त करतो. खेळातला फाउल याच घरातला असावा असं मी मागे लिहिलं होतं. साफ चूक. तो जुन्या इंग्रजीतल्या ‘फूल’पासून आला, म्हणजे सडका, आणि त्याचं लांबचं नातं निघालं आपल्या जखमेतल्या ‘पू’शी.

पुढच्या खेपेला व्हीटिअर हा पक्षी. त्याचा गव्हाशी संबंध नाही, कानाशी नाही; पांढऱ्या ढुंगणाशी आहे.