तुम्ही विचारलंत म्हणून: उरलेल्या कानाने ऐकलेली सात स्तोत्रे

"मास्तर, जन्मभर भजनात पेटी वाजवलीत, आणि आता त्या अमेरिकन म्हाताऱ्याचं तेवढं एकच गाणं काय रोज ऐकत बसता?" सांगलीत ओळखीचे कोणी भेटले की हा प्रश्न हल्ली ठरलेला असतो. विचारणाऱ्यांत आमच्या मंडळाचे बुवा आहेत, विश्रामबागेत सकाळी फिरायला येणारे सोबती आहेत, आणि ज्या मुलीने पुण्याहून हा अल्बम मला मुळात पाठवला तीही आहे. रस्त्यात उभ्या उभ्या मी प्रत्येकाला काहीतरी वेगळे सांगत आलो. त्यातले कोणतेही उत्तर खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते. तुम्ही परत विचारलंत, म्हणून या वेळी बसून लिहितो आहे.

अल्बमचे नाव 'सेव्हन साम्स', म्हणजे सात स्तोत्रे. गायक पॉल सायमन. (गवयाचा उल्लेख आपण प्रेमाने एकेरीतच करतो, म्हणून मीही तसाच करणार आहे.) अल्बम १९ मे २०२३ रोजी निघाला तेव्हा सायमन ८१ वर्षांचा होता. एकूण लांबी ३३ मिनिटे. भाग सात असले तरी ते सुटे केलेले नाहीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सलग गाणे आहे. त्यामुळे आवडलेला तुकडा आधी लावावा, नावडता ओलांडावा अशी सोयच त्याने ठेवलेली नाही. बसायचे तर पूर्ण बसावे लागते. कीर्तनाला उत्तररंगापुरते, म्हणजे शेवटच्या कथेपुरते, येणाऱ्या मंडळींना हे मानवणार नाही.

हा माणूस मला नवा नव्हता. १९८६ साली त्याचा 'ग्रेसलँड' आला, त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी माझ्या एका सहकाऱ्याने मुंबईहून त्याची कॅसेट आणली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या वादक-गायकांना घेऊन केलेले ते काम. वर्णद्वेषी राजवटीवरचा सांस्कृतिक बहिष्कार मोडला म्हणून त्यावर वादही पुष्कळ झाला. त्या वेळी मला वादाचे काही कळले नव्हते आणि शब्दांचे तर त्याहून कमी. ठेका मात्र लगेच कळला, कारण तो आपल्या भजनी ठेक्यासारखा बसल्या जागी मांडीला हलवणारा होता. त्याआधी आर्ट गारफंकेल या शाळासोबत्याबरोबर साठच्या दशकात त्याने जी कीर्ती मिळवली, ती जगाला ठाऊक आहे. तिच्यात आज मला शिरायचे नाही.

मला शिरायचे आहे ते २०१८ च्या सप्टेंबरात. त्या महिन्याच्या २२ तारखेला, न्यूयॉर्कच्या ज्या क्वीन्स भागात तो लहानाचा मोठा झाला तिथल्याच एका उद्यानात, त्याने निरोपाच्या दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम केला. आता बस, असे जाहीर करून मोकळा झाला. चार महिनेही गेले नाहीत तोच १५ जानेवारी २०१९ च्या रात्री त्याला स्वप्न पडले, आणि 'सात स्तोत्रे' नावाच्या कामाला तू लागला आहेस, असे त्या स्वप्नाने त्याला सांगितले. त्याने उठून ते लिहून ठेवले. त्या वर्षी आपल्याकडे संक्रांत १५ तारखेलाच होती. आमच्या घरी त्या दिवशी तिळाच्या वड्या थापल्या जात असतील, आणि तिकडे एक म्हातारा, ज्याने दुकान नुकतेच बंद केले होते, तो कोणी न दिलेली ऑर्डर घेऊन बसला होता.

त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे साडेतीन ते पाचच्या दरम्यान त्याला जाग येई आणि शब्द येत, असे त्याने सांगितले आहे. मुलीने ही हकिकत फोनवर वाचून दाखवली तेव्हा मी हसलो. ही काकड्याची वेळ आहे. कोजागरीपासून त्रिपुरीपर्यंत त्याच वेळेला थंडीत कानाला मफलर गुंडाळून मी पेटी देवळात नेत आलो. फरक एवढाच की आपण त्या वेळी देवाला उठवायला जातो, आणि इथे उठवणारा बहुधा दुसराच कोणी होता.

'साम' म्हणजे बायबलमधले स्तोत्र, हे मला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या एका परिचारिकाबाईंनी सांगितले आणि त्यांच्याकडचे मराठी बायबलही वाचायला दिले. त्यात अशी दीडशे स्तोत्रे आहेत, त्यांपैकी बरीचशी दावीद राजाच्या नावावर. आणि हा दावीद स्वतः तंतुवाद्य वाजवणारा. तेविसावे स्तोत्र परमेश्वराला मेंढपाळ म्हणते. धनगरांच्या मेंढ्या दर साली पाहणाऱ्या आपल्या मुलखाला ते समजवून सांगावे लागत नाही. सायमन ज्यू घरात वाढला. त्याच्या कानावर हे सारे लहानपणापासून असणार. पण त्याने काय केले पाहा. मेंढपाळाच्या जागी त्याने इंजिनिअर बसवला, आणि पुढे एका ठिकाणी रेकॉर्ड काढणारा निर्माता. ज्याचा जो धंदा त्याच धंद्यातली उपमा देवाला द्यावी, ही रीत आपल्या संतांचीच आहे. सावता माळ्याला मळ्यात आणि गोरोबांना मडक्यात जो दिसला, तो सायमनला स्टुडिओत दिसला असेल तर त्यात नवल मानू नये.

मला थांबवले ते मात्र त्याच पहिल्या स्तोत्रातल्या पुढच्या ओळींनी. अनोळखी माणसासाठी उघडे असलेले दार म्हणजे परमेश्वर, असे म्हणणारा हा माणूस त्याच दमात कोविडचा विषाणू म्हणजेही परमेश्वर आणि चढत जाणारा समुद्र म्हणजेही परमेश्वर, असे म्हणतो. त्याला स्वप्न पडले त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते, आणि तिथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. गावभागातल्या आमच्या घरात पाणी माळ्याच्या खाली दोन हातांवर थांबले. माझी पेटी खालीच राहिली होती. पाणी ओसरल्यावर उघडली तेव्हा आत नदीचा गाळ बसला होता, पितळी सुरांवर हिरवट थर चढला होता, भाता फुगून उकलला होता. त्या दिवशी पेटीसमोर बसून मी देवाला जे बोललो ते इथे लिहिण्याजोगे नाही. तोवर देव म्हणजे कनवाळू विठ्ठल एवढेच गात आलेल्या माणसाला, नदीचे पाणीही तोच, हे वाक्य पचवायला जड जाते. संतांनी ते म्हटलेले नाही असे नाही. आम्हीच ते चालीवर म्हणून पुढे निघून जात होतो. परक्या भाषेत आले तेव्हा, शब्दकोश उघडून एकेक शब्द लावताना, ते पहिल्यांदा अंगावर आले.

पुढचा भाग इतका गंभीर नाही. तिसऱ्या स्तोत्रात दोन गाई आपसांत बोलत असतात, एक दुसरीला काहीतरी वाईट म्हणते, आणि गायक आपले व्यावसायिक मत देऊन सबंध देशातल्या गाईंना दोषी ठरवतो. भिलवडीच्या पट्ट्यात ज्यांनी गोठ्याशेजारी दिवस काढले आहेत त्यांनी हा भाग अवश्य ऐकावा. ऐंशीच्या उंबरठ्यावर स्तोत्र लिहायला बसलेला माणूस मध्येच अशी टवाळी करतो, यानेच मला त्याच्या श्रद्धेविषयी खात्री वाटू लागली.

आता कानाचे सांगतो, कारण खरे उत्तर तिथे आहे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी उठलो तेव्हा माझा उजवा कान गेलेला होता. आधी वाटले मळ धरला असेल. डॉक्टरांनी तपासून सांगितले की आतल्या कानातल्या, आवाज पकडणाऱ्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्या कानात आता रातकिड्यासारखी एक किर्र तेवढी आहे. एक कान गेल्याने निम्मे ऐकू येईल असे लोकांना वाटते, तसे नसते. आवाज कुठल्या दिशेने आला ते कळेनासे होते, आणि चार माणसे एकदम बोलू लागली की त्यातून एकाला वेगळे काढता येत नाही. बैठकीत पेटीवाला गवयाच्या डाव्या हाताला बसतो, म्हणजे गवई माझ्या उजव्या अंगाला. ज्याच्या गळ्यामागून चाळीस वर्षे सूर धरत आलो, तो बुवाच नेमका बहिऱ्या बाजूला गेला. मी अर्धी मात्रा मागे पडू लागलो. कोणी बोलले नाही, पण आमच्या तबलजींनी एकदा माझ्याकडे पाहिले, त्यात सगळे आले.

सायमनला हे काम चालू असतानाच डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येईनासे झाले. हेही मुलीनेच सांगितले, आणि अल्बम पाठवण्याचे कारणही तेच होते, हे माझ्या उशिरा लक्षात आले. पहिल्यांदा हेडफोन लावला तेव्हा मला अल्बम अर्धाच ऐकू आला, कारण उजवीकडे ठेवलेले सारे आवाज माझ्या मेलेल्या कानात चालले होते. मग नातवाने फोनमध्ये शोधून 'मोनो ऑडिओ' नावाचे बटण दाबून दिले. त्याने दोन्हीकडचे आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांना सारखेच मिळतात. ज्यांचा एक कान अधू आहे त्यांनी हे जरूर करून घ्यावे.

त्यानंतर जे ऐकले त्यात सर्वांत आधी कानाला लागली ती वाद्यांची गैरहजेरी. बहुतेक सारा भार एका साध्या गिटारवर आहे, मधून घंटांचे नाद, कुठे कुठे व्हॉसेस ८ या ब्रिटिश गायकवृंदाचे सूर. 'ग्रेसलँड'मध्ये जागा भरून टाकणारा हाच तो माणूस. इथे तो एक ओळ म्हणतो आणि मग नुसती तार वाजू देतो, ती विरेपर्यंत. मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढणारा, म्हणजे तारेखालची घोडी घासून नाद खुलवणारा, कारागीर घोडीवर कानशीचा एक हात मारतो आणि तार छेडून वाट पाहतो, तसे. स्वरांमधल्या फटींचा शोध सायमनला आधीपासून होता. २०१६ च्या 'स्ट्रेंजर टू स्ट्रेंजर'मध्ये त्याने हॅरी पार्च या संगीतकाराची अजब वाद्ये वापरली होती. या पार्चने एका सप्तकाचे ४३ भाग केले होते. बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातले स्वरांचे बारीक भेद, पेटीत मावत नाहीत म्हणून आकाशवाणीने एकेकाळी आम्हा पेटीवाल्यांना दाराबाहेर ठेवले, त्याची इथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही, पण तो राग आता जुना झाला.

मी आयुष्यभर उलटे करत आलो. बुवांनी श्वास घेतला रे घेतला की ती जागा पेटीने भरायची, एकही फट रिकामी राहू द्यायची नाही, याला मी साथ समजत होतो, आणि लोकांनी वाहवाही दिली. त्या भरगच्च वादनात बुवांचा श्वास मी कधी ऐकलाच नव्हता. हा अल्बम दहा-पंधरा वेळा ऐकल्यावर मी दोन गोष्टी केल्या. तबलजींची समजूत काढून बुवांच्या उजव्या हाताला जाऊन बसलो, म्हणजे बुवा माझ्या चांगल्या कानाशी आले. तबलजी दोन आठवडे कुरकुरले, कारण त्यांचाही हात त्या बाजूने बसलेला. आणि पेटी निम्म्याने कमी वाजवू लागलो. बुवा थांबले की मीही थांबतो, षड्ज, म्हणजे सा, तेवढा धरून.

अल्बम सगळाच मला आवडतो असे समजू नका. गायकवृंदाचे सूर फार घोटीव आहेत. एका थकलेल्या, किंचित खरखरीत आवाजाच्या शेजारी ते नको इतके धुतलेले वाटतात. चौथ्या स्तोत्रात क्षमेची गोष्ट निघते तिथे माझे लक्ष दर वेळी भरकटते. उलट पाचवे, ज्यात तरुणपणी गिटार घेऊन दर्यापार फिरलेला माणूस मागे वळून पाहतो, ते आणखी थोडे चालावे असे वाटत असतानाच संपते.

इंग्रजी वृत्तपत्रे अशा उतारवयातल्या अल्बमांना मृत्युपत्रासारखे वाचतात असे दिसते, आणि त्याला कारणही आहे. डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' ८ जानेवारी २०१६ ला निघाला आणि १० तारखेला तो गेला. लेनर्ड कोहेनचा 'यू वाँट इट डार्कर' त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला निघाला आणि ७ नोव्हेंबरला तोही गेला. सायमनच्या अल्बमलाही लोकांनी तीच पाटी लावली. पण त्याच्या सातव्या स्तोत्राचे नाव 'वेट' आहे. थांबा, माझी अजून तयारी नाही, सामान बांधतोच आहे, असे तो तिथे म्हणतो. एसटी स्टँडवर कंडक्टरने घंटा मारली तरी पिशव्या आवरत असलेल्या माणसाचा तो सूर आहे. मग त्याची बायको एडी ब्रिकेल त्याच्यासोबत गाऊ लागते, आणि शेवटचा 'आमेन' दोघे मिळून म्हणतात. त्यानंतर तो गेला नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्सपासून त्याने लहान थिएटरांचा दौरा सुरू केला, एका कानाच्या सोयीने मंचावरच्या आवाजाची मांडणी नव्याने करून घेऊन, आणि कार्यक्रमाचा पूर्वार्ध म्हणून ही सात स्तोत्रे सलग गायली.

तेव्हा मी रोज निरोप ऐकत बसतो ही तुमची समजूत काढून टाका. मी एका माझ्याहून वडील वादकाची तालीम ऐकतो आहे. तुम्हालाही ऐकायचे असेल तर गुरुवार सोडून कोणत्याही दिवशी चारनंतर या. गुरुवारी भजन असते. तेहतीस मिनिटे फोन बंद ठेवावा लागेल. दाराची कडी मला ऐकू येत नाही, म्हणून सरळ आत या, आणि माझ्या डाव्या हाताला बसा.