साडेतीन वर्षं आणि दीड वर्ष : थीम पार्कमधला पहिला दिवस

थोरली साडेतीन वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. दोघांना घेऊन थीम पार्कला निघालो तेव्हा घरातल्या मोठ्यांचं म्हणणं होतं, एवढ्या लहान वयात त्यांना काय कळणार, चांगली सहा-सात वर्षांची होऊ देत. जाऊन आल्यावर माझं मत पक्कं झालंय. लहानपणीच न्या, पण दिवस त्यांच्या चालीने जाऊ द्या. आमचे पहिले दोन तास आमच्या चालीने गेले आणि तेवढेच वाया गेले.

निघण्यापूर्वी केलेल्या गोष्टींमध्ये सगळ्यात उपयोगी पडली ती उंची मोजणं. कुठल्या राईडला किती उंची लागते ते पार्कच्या वेबसाइटवर दिलेलं असतं. त्यात १०२ सेंटीमीटर (४० इंच) आणि मोठ्या रोलर कोस्टरसाठी १२२ सेंटीमीटर (४८ इंच) हे आकडे वारंवार दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलांची मध्यम उंची ९५-९६ सेंटीमीटर आहे आणि चार वर्षांच्या मुलांची १०३च्या आसपास. म्हणजे चौथा वाढदिवस होईपर्यंत १०२ची राईड बहुतेकांना मिळत नाही. थोरली ९७ भरली. तिला घरीच सांगून ठेवलं की काही राईड तू मोठी झाल्यावर. तिथे एका फाटकाशी आमच्यापुढचा मुलगा पट्टीला पाठ लावून टाचा उचलत होता आणि त्याचे बाबा कर्मचाऱ्याशी वाद घालत होते. अर्धा तास रांगेत उभा राहिलेला तो पोरगा शेवटी हुंदके देत परत फिरला. कृपा करून असा वाद घालू नका, बुटात काही भरून उंचीही वाढवू नका. ती अट धीटपणाची नसते. सुरक्षेचा दांडा मांडीवर आणि कमरेवर नीट बसतो की मूल त्याखालून घसरू शकतं, एवढाच तो प्रश्न असतो.

तिकिटाचं थोडक्यात. कुठल्या वयापर्यंत प्रवेश मोफत हे प्रत्येक पार्कचं वेगळं असतं. अमेरिकेतल्या आणि पॅरिसच्या डिस्ने पार्कांत ३ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, टोकियोत ४ वर्षांखालच्या मुलांना नाही. काही पार्क वयाऐवजी उंची बघतात. वयाचा पुरावा जवळ ठेवलेला बरा.

आता ते दोन तास. फाटक उघडल्या उघडल्या आम्ही अकरा राईडची यादी घेऊन आत शिरलो आणि थेट पार्कच्या दुसऱ्या टोकाला गेलो, कारण तिथली होडीची राईड प्रसिद्ध. चाळीस मिनिटं रांग. होडी बाहेरून छान पिवळीधमक, उंचीची अट नाही, म्हणून आम्ही निर्धास्त. आत गेल्यावर मिट्ट काळोख आणि दुसऱ्या वळणावर कानाशी वीज कडाडल्यासारखा आवाज. थोरलीने माझ्या मानेत तोंड खुपसलं. तिची नखं माझ्या दंडात रुतली होती आणि ती ओरडतही नव्हती, फक्त श्वास धरून बसली होती. होडी मध्ये थांबत नाही. तीन-चार मिनिटांचीच राईड, पण त्यानंतर दुपारपर्यंत छप्पर असलेल्या कुठल्याच जागेत ती शिरायला तयार नव्हती.

उंचीची अट नाही म्हणजे राईड लहान मुलांसाठीच आहे असं नसतं, हे मला तिथे कळलं. शक्य असेल तर राईडचा व्हिडिओ घरीच मुलांबरोबर बघा, तोही आवाज चालू ठेवून. तिथे गेल्यावर आधी बाहेर पडायच्या दाराशी पाच मिनिटं उभं राहा आणि बाहेर येणाऱ्या लहान मुलांचे चेहरे बघा. शंका वाटली तर एकाने आधी एकट्याने जाऊन यावं. आणि मूल रांगेत ‘नको’ म्हणालं तर तिथून बाहेर पडा, कितीही वेळ उभे राहिलेले असा. ‘इतका वेळ थांबलो, आता बसायचंच’ हे मी त्या दिवशी म्हटलं होतं. ते म्हणायला नको होतं, असं मला अजूनही वाटतं.

यादी पर्समध्ये गेली आणि आम्ही मेरी-गो-राऊंडपाशी येऊन बसलो. थोरली आधी नुसती बघत राहिली. तिसऱ्या फेरीला म्हणाली, तो डोळा मिटलेला घोडा हवा. खरंच एका पांढऱ्या घोड्याच्या डोळ्यावरचा रंग उडाला होता आणि तो झोपल्यासारखा दिसत होता. मी शेजारी उभी राहिले. पितळी दांडा तिने दोन्ही हातांनी असा धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. पहिली फेरी संपताना एक हात सुटला आणि घोड्याच्या मानेवर गेला. दुसऱ्या फेरीला ती त्याच्याशी बोलत होती. पाच वेळा बसली, पाचही वेळा तोच घोडा. तो रिकामा मिळावा म्हणून आम्ही दोनदा रांग सोडून मागे थांबलो.

वॉल्ट डिस्ने सांगायचे की पार्कची कल्पना त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या बाकावर सुचली. मुली मेरी-गो-राऊंडवर आणि आपण बाकावर शेंगदाणे खात बसलेलो, तर आईबाप आणि मुलं मिळून मजा करतील अशी जागा का असू नये? १७ जुलै १९५५ला डिस्नेलँड उघडलं ते त्यातूनच. पण इतक्या लहान मुलांबरोबर मला तो बाकही तितकाच मोलाचा वाटला. धाकटा त्यावर उभा राहून प्रत्येक फेरीला ताईला हात करत होता, त्याची राईड तीच होती.

ज्याबद्दल कुणीच सांगितलं नव्हतं ती गोष्ट म्हणजे स्वच्छतागृह. मूल बसलेलं असतानाच आपोआप सुटणारा फ्लश आणि हात वाळवायच्या यंत्राची घरघर, याने थोरली एवढी भेदरली की नंतर शू आलेली असूनही सांगेना. शेजारच्या एका बाईंनी पर्समधून चिकटणारा कागदाचा चौकोन काढला आणि फ्लशच्या सेन्सरवर लावून दिला. मूल बाहेर आलं की कागद काढायचा. असा छोटा गठ्ठा बॅगेत जरूर ठेवा, आणि हात पुसायला आपला नॅपकिन. नुकताच डायपर सुटलेल्या मुलासाठी कपड्यांचे दोन जादा जोड आणि रांगेत शिरण्याआधी एकदा शू, हे ठरूनच गेलेलं बरं.

मोठ्या डोक्याची, हसऱ्या चेहऱ्याची पात्रं हिंडत असतात, त्यांच्याजवळ मुलांना ढकलू नका. तो चेहरा हलत नाही, तोंड मिटत नाही, आणि आकार बाबांपेक्षा मोठा. वर्षाच्या आसपासची मुलं नवीन काही दिसलं की आधी आपल्या चेहऱ्याकडे बघतात, भ्यायचं की नाही ते ठरवायला. म्हणून मी धाकट्याला कडेवर घेऊन लांबूनच हसून हात केला. त्याने दहा मिनिटं निरखलं आणि मग स्वतःच बोट पुढे केलं. फोटोत फक्त ते बोट आणि एक मोठा हातमोजा आलाय.

झोप मोडू नका. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात ११ ते १४ तास झोप लागते आणि त्यात दुपारची झोप धरलेली असते. आम्ही साडेबारालाच जेवून एका शांत कोपऱ्यात बाबागाडी आडवी केली. धाकटा दीड तास झोपला आणि थोरली, जी घरी दुपारची झोपत नाही, तीही माझ्या मांडीवर पेंगुळली. एक मात्र सांभाळा. ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर ओढणी किंवा चादर पांघरतात, त्याने आत हवा कोंडून फार तापते. त्यापेक्षा सावली शोधा. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्तीचं, दर दोन तासांनी पुन्हा. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर क्रीमवर भिस्त न ठेवता सावली आणि अंगभर सुती कपडे. आमच्या दोघांएवढ्या मुलांनी पाणी मागायची वाट बघू नका, घोट-घोट देत राहा.

मोठ्यांनाही मोठी राईड हवी असेल तर फाटकाशी विचारा. एकाने मुलांपाशी थांबायचं, दुसरा जाऊन आला की पहिल्याने पुन्हा पूर्ण रांग न लावता जायचं, अशी सोय पुष्कळ ठिकाणी असते. डिस्नेत तिला रायडर स्विच म्हणतात. नवरा आधी जाऊन आला, मग मी.

मिरवणुकीच्या वेळी स्पीकरपासून लांबची जागा धरा आणि मुलांच्या मापाचे कान झाकायचे हेडफोन न्या. कापसाचे बोळे आवाज फारसे अडवत नाहीत. सकाळी आत शिरण्यापूर्वी दोघांचे त्या दिवशीच्या कपड्यांतले फोटो काढा, फोन नंबर मनगटाच्या पट्ट्यावर लिहा, आणि आत गेल्या गेल्या कर्मचाऱ्यांचा गणवेश दाखवून ठेवा. आई दिसली नाही तर असे कपडे घातलेल्यांना सांगायचं, एवढं साडेतीन वर्षांच्या मुलीला नीट समजतं. थोरलीने दिवसभरात चार वेळा बोट दाखवून ‘हे तेच ना?’ विचारलं.

आतिषबाजीला थांबलो नाही. साडेचारला थोरली म्हणाली, घोड्याला टाटा करायचं. तेव्हाच निघालो, दोघंही हसत असताना. अकरापैकी तीन राईड झाल्या होत्या. गाडीत दोघं पाच मिनिटांत झोपली. दुसरा दिवस आम्ही मुद्दाम रिकामा ठेवला होता आणि तो लागला.

घरी आल्यावर दाराच्या चौकटीवर तिने माझ्याकडून १०२ची रेघ मारून घेतली. या गोष्टीला चार महिने झाले. दर रविवारी ती टाचा टेकवून तिथे उभी राहते. परवा ९९ भरली.